काशिनाथची प्याद्याची मात

त्या दुपारी गिरनीच्या ओट्यावर कोन कोन होतं ते आधी सांगते, म्हंजे मागून कुनी बोलायला नको की पारूबाईनं मनचं सांगितलं. मी होते, सूप घेऊन कनी पाखडत. गिरनीचा मालक सखारामदादा होता. गिरनीचा पट्टा सांभाळनारा किसन होता. आटगावच्या बाजूनं भात भरडायला आलेली बायजाआजी होती. ती पोत्याला टेकून घोरत होती, पन होती. आनि माझा दीर काशिनाथ होता. एवढीच मानसं. त्यातला किसन अजून हाय, पायजे तर त्याला इचारा.

गिरन भाताची. पट्टा फिरायला लागला की कोंडा हवेत उडायचा. दुपारचं ऊन दारातनं तिरपं आत यायचं नि त्या उन्हात कोंडा तरंगत राहायचा, खाली बसायचाच नाय. मानसं त्यात अर्धी दिसायची, अर्धी नाय. त्या कोंड्यात बसून ते दोघं बुद्धीबळ खेळायचे. ओट्याच्या फरशीवर सखारामदादाच्या बानं काळी-पांढरी घरं रंगवलेली. ती इतकी झिजलेली की कुठलं काळं नि कुठलं पांढरं ते खेळनाऱ्यालाच माहीत. आजपन डोळे मिटले की मला ते तसंच दिसतं. आवाज नाय काय नाय, नुसता कोंडा नि दोन वाकलेली डोकी.

मी लग्न होऊन आले तेव्हा काशिनाथ चड्डीत होता. बौद्धवाडीतलं आमचं शेवटचं घर, मागं शेत लागतं. शेत सखारामदादाचं. माझा नवरा खडीच्या खानीवर कामाला होता. एक दिवस सकाळी डबा घेऊन गेला नि दुपारी मानसं सांगायला आली. रडायला फुरसद नव्हती. दोन पोरं होती, हा दीर होता. त्यात ह्याला क्षय झाला. मी वीटभट्टीवर गेले, मग गिरनीत लागले. सांगन्यासारखं त्यात काय नाय. ज्याच्यावर येतं तो करतो.

काशिनाथ खेळ शिकला तो क्षयाच्या दवाखान्यात. शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता, म्हातारा. दोघांनाबी उठायची बंदी. वार्डाच्या छताला चौकोनी पत्रे मारलेले, तोच ह्यांचा पट. पडल्या पडल्या खेळायचे. शिंपी बोलायचा, माझा घोडा पंख्याजवळ आला. हा बोलायचा, माझा वजीर जळमटापाशी. नर्स बघायला यायची, तर दोघं छताकडं डोळे लावून गप. तिला वाटायचं, गेले काय दोघं!

तिथनं बरा होऊन आला तो ती सवय घेऊनच. चाल करायच्या आधी वर बघायचा.

सखारामदादा हसायचा. "वर काय बघतोस रे काशा? वरनं कोन सांगतंय तुला?"

"वर मोकळं असतं दादा. खाली तुमची प्यादी लय गर्दी करतात."

अंगानं काडी, शर्टाचं बटन नेहमी एक घर चुकलेलं, नि आवाज असा हळू की आपन जवळ सरकावं. चहा बशीत ओतायचा नि विसरून जायचा. त्या बशीत कोंडा पडून साय धरल्यासारखी व्हायची, मग एका घोटात प्यायचा. डोक्यात खेळ चाललेला असला की त्याला जग दिसायचं नाय. एकदा शहापूरच्या दवाखान्यातनं औषध घेऊन आसनगावला गाडीत बसला. उतरायचं आटगावला, हा पोचला कसाऱ्याला. लोकल तिथं संपते म्हनून बरं. तिथनं रुळाच्या कडेनं चालत आला. मी दारात उभी. "कुठं होतास रे?" तर बोलतो, "वयनी, घोडा अडकला होता. आत्ता खर्डीच्या पुढं सुटला."

मी भात वाढला.

त्याचा खेळ म्हंजे देनं. सखारामदादाचा खेळ भात साठवायच्या कनगीसारखा. सगळं आत, झाकन लावून, वर शेनानं लिंपलेलं. आनि हा पहिल्यापासनं उधळायचा. हत्ती दिला, घोडा दिला. किसन पट्ट्यापासनं ओरडायचा, "अरे काशा, दान करतोस काय? फुकट गेला ना!"

"जाऊ दे. वाट उघडी झाली का नाय ते बघ."

वाट व्हायची उघडी. पन बऱ्याच वेळा तिच्यातनं जायला ह्याच्याकडं कोन शिल्लकच नसायचं. हरायचा. हरला की खुशीत घरी यायचा नि जेवताना मला सांगायचा कसा हरला ते. कधी जिंकायचा, तेव्हा मात्र असा जिंकायचा की किसन दोन दिवस येनाऱ्या-जानाऱ्याला पकडून सांगत बसायचा. मला सोंगट्यांची नावं माहीत नव्हती. ऐकून ऐकून कळायला लागली. सूप हातात फिरत असायचं नि कान ओट्यावर.

आता रीत सांगते, कारन पुढचं सगळं तिच्यावर हाय.

सखारामदादाच्या बानं त्या ओट्यावर एक रीत घातलेली. वजिरानं मात झाली तर साधी. हत्तीनं, उंटानं झाली तरी साधी. पन प्यादं म्हंजे सगळ्यात बारकी सोंगटी, तिनं राजाला कोंडून मात केली तर हरनाऱ्यानं जिंकनाऱ्याच्या घरी जाऊन जेवायचं. पान मांडून, पोटभर. मनात राग राहू नये म्हनून. सखारामदादाला ह्या रीतीचा लय अभिमान. ओट्यावर नवा मानूस बसला की आधी सांगनार, "बघ हां, आमच्याकडं ही मोडत नाय." रीत घातली तेव्हा त्या ओट्यावर कुनब्यांचीच मानसं बसायची. आमच्या वाडीतला कुनी तिथं बसून खेळंल हे त्या म्हाताऱ्याच्या सपनात पन आलं नसनार.

एकदा सखारामदादानंच काशिनाथला प्याद्यानं मारला. मग काशिनाथ गेला त्यांच्याकडं जेवायला. त्याला बाहेरच्या पडवीत बसवला. कोंबडी केलेली, भरपूर वाढली. जेवून झाल्यावर ताट ह्यानंच धुतलं नि गोठ्याच्या भिंतीला पालथं घालून आला.

मी इचारलं, "कसं होतं जेवन?"

"कोंबडी फर्स्टक्लास, वयनी."

"नि ताट?"

"ताट पितळेचं होतं," बोलला, नि वर बघायला लागला.

सखारामदादा वाईट मानूस नव्हता, हे पन लिहायला पायजे. काशिनाथला रक्ताची उलटी झाली तेव्हा त्यानंच आपल्या जीपमधनं शहापूरला नेला. शीट सगळी खराब झाली, पन चकार शब्द बोलला नाय. माझ्या पोराला शाळेचे कपडे त्यानं घेतले. पन आमच्या वाडीत आला की पानी घ्यायचा नाय. "आत्ताच पिऊन आलो गो पारू." उन्हातनं घाम गाळीत आलेला मानूस, ओठ सुकून पांढरे, नि आत्ताच पिऊन आलो.

पुढं माझ्या सुमनचं लग्न झालं. गावातली मानसं आली. आहेर केला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला नि मांडवाच्या दारातनं हात जोडून निघाली. कुनाला उपास, कुनाला गाडी गाठायची. सखारामदादापन गेला. त्यांच्यासाठी आमी वेगळी पंगत धरलेली. मांडलेल्या पत्रावळी वाऱ्यानं उडायला लागल्या, मी त्यांच्यावर दगड ठेवत फिरले. डेगभर भात तसाच राह्यला. दुसऱ्या दिवशी तो आंबला, गुरांनी पन तोंड लावलं नाय. मी मागच्या शेताच्या बांधाला खड्डा खनून पुरला. राग नव्हता मला. पन तो तांदूळ मी वर्सभर मूठ-मूठ करून बाजूला काढलेला.

काशिनाथ खड्ड्याच्या काठावर उभा होता. त्या दिवशी त्यानं वर नाय बघितलं, खाली बघितलं.

"वयनी, सखारामदादाला तुझ्या हातचं जेवायला बसवतो."

"कसा? दोरीनं बांधून आनतोस?"

"रीत हाय की त्यांची."

मी बोलले, "नको रे. मनात नसनाऱ्याला वाढून काय करायचंय?" त्यानं माझ्या हातातलं फावडं घेतलं नि उरलेली माती ओढली.

तेव्हापासनं त्यानं प्याद्याशिवाय दुसऱ्या कुठल्याच सोंगटीनं मात केली नाय. सरळ वजिरानं मात होत असली तरी करायचा नाय. सोडून द्यायचा. किसन कपाळ बडवून घ्यायचा. "अरे समोर हाय ना मात, आंधळ्या!" हा आपला प्यादं सरकवायचा, एक एक घर. मग सखारामदादा त्या प्याद्याला मारायचा नि डाव जायचा. सखारामदादाला पन ओळखू आलंच. तो कायम वजिराला भिऊन खेळनारा मानूस, आता प्याद्यांवर नजर ठेवायला लागला. ज्या सोंगटीकडं एवढी वर्सं कुनी बघितलं नव्हतं तिच्यासाठी डोळ्यात तेल घालून बसायचा. पाऊस गेला, कापन्या झाल्या, परत लावन्या आल्या. दोघं कोंड्यात बसलेले. मला वाटायचं, हे असंच चालनार, आमी सगळी म्हातारी होनार नि हे प्यादं काय पोचनार नाय.

काशिनाथचा खोकला मात्र परत सुरू झाला. गोळ्या मधेच सोडलेल्या त्यानं. बरं वाटतंय बोलला, सोडल्या. आता रातभर खोकायचा नि सकाळी गिरनीत जाऊन बसायचा. मी बोलले, घरी पड. तर बोलतो, "पडून राह्यलो तर छतच हाय गो. दादा तिथं थोडाच येनार?"

तर ती दुपार. भात नुकतं झोडून झालेलं, गिरनीत पोत्यांची थप्पी. काशिनाथनं एक हत्ती नि एक घोडा आधीच घालवलेला. सखारामदादा खुशीत होता, मांडीवर ताल धरत होता.

"काशा, आज तर तू नागडाच झालास."

"गरम होतंय दादा."

सखारामदादाचा राजा कोपऱ्यात होता. समोर त्याचंच प्यादं, नि राजाच्या राखनीला एक घोडा, जरा पुढं उभा. काशिनाथचं एक प्यादं तिथवर गेलेलं, पन पुढं पाऊल टाकलं की राजाच त्याला खानार, कारन मागं त्याला कुनाचा जोर नव्हता. तिरप्या रेघेत लांब काशिनाथचा एक उंट होता, पन मधे तो राखनीचा घोडा. वजिरानं सखारामदादाचा एक हत्ती फुकट मिळत होता. तो घेतला असता तर आरामात डाव जिंकला असता. किसन पन तेच बोलला, "हत्ती घे, हत्ती."

काशिनाथनं वर बघितलं. लय वेळ. वर काय, कोंडा नि कौलातनं आलेला उजेड. त्याचं तोंड असं झालं जसं लहान पोर झोपेत हसतं. मग त्यानं वजीर उचलला नि राजाला खेटून ठेवला.

"शह."

किसन बोलला, "मेला."

राजाला तो वजीर खाता येईना, त्याला दुसऱ्या उंटाचा जोर होता. खायचा तर घोड्यानंच, दुसरी वाट नाय. सखारामदादानं घोडा उचलला नि वजीर मारला. आता घोडा राजाच्या शेजारी बसला. एका अंगाला आपलाच घोडा, समोर आपलंच प्यादं. नि घोडा जिथनं उठला तिथं वाट उघडी झाली. लांबचा उंट थेट दिसायला लागला.

काशिनाथनं एका बोटानं प्यादं पुढं ढकललं. एकच घर.

शह पन नाय बोलला. प्याद्याचा मार तिरपा, राजावर. राजानं खावं तर उंटाचा जोर. पळावं तर जागा आपल्याच मानसांनी भरलेली.

सखारामदादा बघत राह्यला. किसननं जाऊन पट्टा बंद केला. गिरन थांबली की कानात कसं होतं, तसं झालं. कोंडा हळूहळू खाली बसायला लागला, दोघांच्या डोक्यावर, सोंगट्यांवर. माझं सूप हातातच राह्यलं. बायजाआजी जागी झाली नि बोलली, "झालं का रं माझं भात?"

कुनी हसलं नाय.

"प्याद्यानं," सखारामदादा बोलला.

"प्याद्यानं, दादा."

"रविवारी येतो." एवढंच बोलला, टोपी झटकली नि घरी गेला. गिरनीला कुलूप पन लावलं नाय, ते किसननं लावलं.

मी इचारलं, "काय करू रे जेवायला? कोंबडी करू?"

काशिनाथ बोलला, "सुमनच्या लग्नात होतं तेच कर."

डाळ, भात, वांग्याची भाजी. बुंदी काय मला जमनार नव्हती, मी तांदळाची खीर केली. घर सारवलं. वाडीतल्या बाया दारात उभ्या, कुनी उगाच अंगन झाडतंय, कुनी पोराच्या उवा बघतंय. सखारामदादा भर दुपारी आला, रस्त्यानं, सगळ्यांदेखत. इस्तरीचा सदरा घातलेला. पाय धुतले, चटईवर बसला. मी ताट मांडलं. भाताची वाफ त्याच्या तोंडावर जात होती.

"वास चांगला सुटलाय गो पारू," बोलला. पन हात काय मांडीवरनं उठंना.

काशिनाथ भिंतीला टेकून बसलेला, अंगात ताप. तो सखारामदादाकडं बघत होता, पटाकडं बघायचा तसा. बाहेर कोंबडी कुक्-कुक् करत होती. डाळीवर साय धरायला लागली. त्या मानसाच्या कपाळावर घाम आला. मला त्याची कीव आली नि संताप पन आला.

मग काशिनाथ बोलला, "दादा, ऱ्हावू दे."

"काय?"

"रीत तुमच्या बानं घातली, ती मी सोडली. उठा तुमी. मी ओट्यावर सांगीन, दादा जेवले म्हनून. वयनीपन सांगंल."

एवढी वर्सं. तो खड्डा. एवढे डाव घालवलेले, छातीचं खोकं झालेलं, नि जे हातात आलं ते ह्यानं देऊन टाकलं. मला वाटलं, ओरडावं, अरे हे तरी ठेव! पन मी पळी हातात घेऊन उभी राह्यले.

सखारामदादानं एक हात जमिनीला टेकला, उठायला. अर्धा उठला पन. मग थांबला.

"मग एवढा खेळलास कशाला रे, काशा?"

"तुमच्यासाठी वाट उघडी केली दादा. यायचं का नाय ते तुमचं. तुमची चाल."

सखारामदादा तसाच, धड बसलेला नाय, धड उभा नाय. दारातनं ऊन आत आलेलं, ते त्याच्या पाठीवर होतं. केवढा वेळ गेला ते मला सांगता यायचं नाय. सपनात जातो तसा गेला. मग तो खाली बसला. मांडी नीट घातली. डाळ-भात कालवला, घास केला, तोंडात घातला. चावला. गिळला.

बोलला, "मीठ कमी हाय गो."

मीठ कमी नव्हतं. मी चाखून बघितलेलं. पन मी मिठाचं भांडं आनलं नि चिमटीनं त्याच्या ताटात वाढलं. त्यानं परत भात मागितला. खीर दोनदा घेतली. काशिनाथनं एक घास नाय खाल्ला, नुसता बघत होता, नि बघता बघता भिंतीला डोकं टेकून झोपला.

आता कुनाला वाटंल, त्या दिवसापासनं गाव बदललं. तसं काय नाय झालं. सखारामदादाच्या बायकोनं त्याच्याशी बोलनं टाकलं म्हने, आठवडाभर. गावातल्या लग्नात आमची पंगत अजून शेवटीच बसायची. दादा त्यानंतर एकदा उन्हाचा आला नि आपनहून पानी मागितलं. मी दिलं, तो प्यायला.

काशिनाथ पुढच्या पावसात गेला. दवाखान्यातच, वर बघत. डोळे मी मिटले. पन मला आठवतो तो तसा नाय. त्या रविवारी सखारामदादा जायला निघाला तेव्हा हा झोपेतनं उठला नि त्याला पोचवायला निघाला. मी बोलले, तापात नको जाऊस. गेलाच. मी मागच्या दारातनं बघत होते. कापलेल्या शेतात नुसतं धसकट, सगळं पिवळं. दादा पुढं चाललेला, हा मागं, नि हवेत बोटानं काय तरी दाखवत होता. घोडा असा आला असता तर, उंट तिथं गेला असता तर. दादा थांबायचा, मान हलवायचा, परत चालायचा. चालता चालता दोघं बारीक झाले. मग उन्हात नुसतं त्याचं बोट हलताना दिसत होतं.

काशिनाथनं घरी गोनपाटावर काढलेला पट नि त्याच्या सोंगट्या माझ्याकडं हायत. सगळ्या चाली मला येतात, पन खेळ येत नाय. मी नुसती देत सुटते नि हरते. वाचनाऱ्यांपैकी कुनाला खेळता येत असंल नि टाइम असंल, तर आटगावला उतरा, बौद्धवाडीतल्या पारूबाईचं घर इचारा. एक डाव बसू. जेवन माझ्याकडं.